डेलबर्टचा दिवस

डेलबर्टने बुटाची नाडी आवळली, तेवढ्यात सामन्यात त्याचे चेंडू झेलणाऱ्या कॅचर रस्टीने त्याच्या नाकासमोर डोनटचा खोका धरला.

"घे ना म्हातारबुवा, गरम आहेत."

डेलबर्टचा हात नाडीवरच थांबला. आज पाचवा दिवस, म्हणजे त्याचा दिवस. चार दिवस दंडाला आराम, पाचव्या दिवशी बेसबॉलच्या सामन्याचा पहिला चेंडू त्याने टाकायचा. सोळा वर्षं हेच चाललं होतं. आणि ज्याचा दिवस असेल त्याच्याशी त्या दिवशी कुणी चकार शब्द बोलत नाही. पलीकडच्या कोपऱ्यात एमिलियो हा चेंडू टाकणारा नवा पिचर एकटाच बसला होता आणि सगळे त्याला वळसा घालून जात होते.

"वेंडेल आत आहे?" डेलबर्टने विचारलं.

रस्टीचा चेहरा खर्रकन उतरला.

"अरे देवा! तुला सांगितलंच नाही त्याने?"

मॅनेजर वेंडेलने त्याला बघताच खुर्ची पुढे सरकवली.

"काल रात्रीच सांगणार होतो रे. जीभच रेटेना."

"डोनटवरून कळलं."

"हे बघ, सहा डाव तुझा दंड आता टिकत नाही. पण एक डाव? अजून कुणाच्या बापाला तुझा चेंडू मारता येत नाही. राखीव पिचरांत बस. अडलं की तुलाच बोलावीन."

"कधी?"

"ते मला तरी कुठे ठाऊक! आज, उद्या, कदाचित रोज. नसेल पटत तर तसं सांग. मी राग नाही धरणार."

डेलबर्ट गाड्यांच्या तळावर आला. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. त्याने बायकोला फोन लावला. लोरेटाचं केस कापण्याचं दुकान होतं. ते ती फक्त त्याच्या दिवशी दुपारी बंद करायची आणि गाडी हाकत सामन्याला यायची.

"आज येऊ नकोस."

"का? दंड दुखतोय?"

"नाही. मला राखीवांत टाकलंय. वाटतं, सामान बांधावं आणि घरी यावं. कायमचं."

पलीकडचा ड्रायर बंद झाला.

"म्हणजे आता तू खेळणार कधी?"

"काही नेम नाही. कुठल्याही दिवशी, शेवटचा एखादा डाव."

"नेम नाही म्हणजे?" लोरेटा भडकली. "मी दुकान कधी बंद ठेवायचं मग? मला काय स्वप्न पडणार आहे?"

"म्हणून तर म्हणतोय, नको येऊस."

"गप रे! आता रोजच यावं लागणार, दुसरं काय. मिसेस ग्रूबरचे अर्धे केस रंगवायचे राहिलेत, तेवढे उरकते आणि निघते. हे राखीव लोक बसतात कुठे?"

डेलबर्टने मैदानाकडे पाहिलं.

"डावीकडे, कुंपणाला लागून," तो म्हणाला. "ऊन असतं तिथे. टोपी आण."