मुठीतला दगड

मी हात बोलतोय. माणसाचा नव्हे, लोखंडाहून चिवट धातूचा. खोल समुद्रात उतरणाऱ्या बिनमाणसाच्या पाणबुडीला मी जोडलेला होतो. आता नुसताच आहे. सावकाश सांगतो, मला कुठे जायचंय!

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, कापलं. मग दाबाच्या टाकीत घालून असं चेपलं, की माझ्या जोडीचा हात मनगटातच फुटला. मी टिकलो. पाणबुडीच्या चालकाने मला पुसून काढलं आणि म्हणाला, "चल रे पोरा, आजपासून तू माझा उजवा." तो वर जहाजावरच्या खोलीत बसायचा. त्याची बोटं हलली की खाली काळोखात माझी हलायची. वरचं बोलणंही केबलमधून माझ्यापर्यंत यायचं.

समुद्राच्या तळावरचे ज्वालामुखीचे दगड फोडून आणायचे, हे आमचं काम. कुठला फोडायचा ते दगडांचा अभ्यास करणाऱ्या बाई सांगायच्या. तिथे लाव्हा पाण्याला लागला की वरून गोठतो आणि आतून वाहून जातो. वर काळं कवच, खाली पोकळी. म्हणून टेकण्याआधी मी जमिनीवर दोनदा ठोकायचो. चालक कान देऊन ऐकायचा. भरीव वाजलं तरच बसायचं, हा आमचा नेम.

त्या दिवशी डोंगर नुकताच फुटून थंडावला होता. मी काचेसारखा चकाकणारा एक ताजा दगड उपटला. टोपली भरली होती.

"जुना एखादा टाकू का, बाई?"

"छे, एकही नाही! मुठीतच राहू दे की."

"मग ठोकू कशाने? या मुठीने ठोकलं तर दगड फुटेल. डोक्याने?"

"नको, तुमचं डोकं पोकळ. उगाच घोटाळा व्हायचा."

दोघंही हसले. आणि न ठोकताच आम्ही टेकलो.

कवच फुटलं. पाणबुडी आडवी कोसळली, आणि एक शिळा माझ्या कोपरावर आदळून मी तिच्याखाली अडकलो. तेलाची नळी फुटली. मूठ मिटली ती मिटलीच. वरून जहाजाने ओढलं, तसे माझे सांधे कडाकड वाजले. तेवढ्यात शेजारची भेग फाटली. लालभडक लाव्हा उसळला, पाणी किंचाळलं, गोठलेले तुकडे फुटून गोळ्यांसारखे अंगावर बसू लागले. एक दिवा फुटला. मग दुसरा.

"हात तोडा हो!" बाई ओरडल्या. "अख्खी पाणबुडी जाईल!"

"जरा थांबा. निघेल तो."

"केबल तुटेल! अहो, हात आहे तो, पोर नाही तुमचं!"

 चालक हळूच म्हणाला, "चल रे पोरा."

अशाच वेळेसाठी माझ्या खांद्यात पातं बसवलेलं होतं. ते खाडकन मिटलं. पाणबुडी काळं तेल ओकत वर गेली. लाव्हा माझ्या दंडावर चढला आणि तिथेच गोठला.

मध्यंतरी वर दिवा दिसला. तीच पाणबुडी, नवा हात. मूठ रिकामी. दोनदा ठोकून थांबायचं; बोटं चालकाचीच. पोकळ वाजलं. जरा सरकून त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा पोकळ. माझ्या चहूबाजूंनी तो ठोकत राहिला, एखाद्या बंद दाराबाहेर उभा असल्यासारखा.

बाबा, आता पुरे. इथे बसायला कुठेच जागा नाही. वर जा. बाईंना सांग, त्यांचा दगड मी अजून सोडलेला नाही.