नीलाच्या पायऱ्या

ते पत्र मीच लिहिलं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. हेमलताचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन ती मल्लेश्वरमच्या आमच्या घरी परत आली, त्याला दोन दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे पाच पौंडांहून जड काही उचलायचं नाही, वाकायचं तर मुळीच नाही. आमची नीला अडीच वर्षांची, वजन चोवीस पौंड. मी पडलो सरकारी कारखान्यातला इंजिनिअर. आकडे जुळेनात म्हटल्यावर लगेच बेळगावला थोरल्या बंधूंना लिहून मोकळा झालो, 'हेमलता पुरती सावरेपर्यंत पोरीला सहा महिने तुमच्याकडे न्या.' अप्पासाहेबांचं उत्तर आलं, 'तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळच्या गाडीने येतो.'

हेमलताने ते वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात ठेवलं.

"मला विचारलंत?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी ना? तिला उचलणार कोण?"

"सहा महिन्यांनी ती मला ओळखेल तरी का?" ती म्हणाली. "रविवार यायला अवकाश आहे. तोवर मला जमलं नाही, तर खुशाल न्या."

दुसऱ्या दिवसापासून घराची रया गेली. खाटेला लागून स्टूल, स्टुलाशेजारी माझ्या पुस्तकांची पेटी, पेटीपुढे जेवणाचा पाट. दोनदा माझी नडगी सडकून निघाली. "हे घर आहे की गोदाम?" मी ओरडलो. हेमलता म्हणाली, "दिवा लावून चालत जा." मी चिडून तोंड फिरवलं. हे सगळं कशासाठी, ते विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. अशाच एका शनिवारी लवकर घरी आलो आणि दारातच थबकलो. हेमलता खाटेवर ताठ बसली होती, पोटावर उशी धरून. खाली पाटावर नीला. धुण्याभांड्यापुरती येणारी मोलकरीण यल्लव्वा भिंतीशी हात बांधून उभी. तिला मदत करायला बंदी असावी.

"आता पेटी," हेमलता म्हणाली. नीलाने पेटीवर गुडघा टेकवला, घसरली, पुन्हा टेकवला. "आता स्टूल."

"निधान, अक्का, निधान," यल्लव्वा कुजबुजली. सावकाश होऊ दे, इतकंच तिचं म्हणणं.

नीला खाटेवर पोचली. वळसा घालून उजवीकडची टाक्यांची बाजू टाळत डावीकडून आईला चिकटली. "आईला बाऊ," तिने मला समजावून सांगितलं. त्या जखमेच्या आसपास इतक्या जपून तर मीही फिरत नव्हतो. आंघोळीचंही तसंच. मोरीतल्या धुण्याच्या दगडावर नीला स्वतः चढायची, आणि हेमलता स्टुलावर बसून लहान तांब्याने पाणी घालायची. टाके ओढत असायचे, ओठ पांढरे पडायचे, पण हूं की चूं नाही. वीस माणसांवर साहेबगिरी करणारा मी, पण मला स्वतःची लाज वाटली आणि बायकोचा अभिमान वाटला. दोन्ही एकदमच.

ठरलेल्या रविवारी अप्पासाहेब आले, चहा झाला. नीलाच्या कपड्यांचं बोचकं दाराशी होतं, मीच बांधलेलं; थोरल्या बंधूंना 'नको' कळवायचं धाडस मला झालं नव्हतं. त्यांनी "चल बाळ" म्हणताच नीला अंगणात पळाली आणि पायरीवरून तोंडघशी पडली. गुडघा फुटला, मोठ्ठा हंबरडा. मी धावलो.

"थांबा!" हेमलताचा आवाज इतका करडा मी कधी ऐकला नव्हता.

ती भिंतीचा आधार घेत बाहेर आली, कट्ट्यावर बसली आणि मांडीवर थोपटलं. नीला रडत उठली. रडतच दोन पायऱ्या चढली, कट्ट्यावर गुडघा टेकवला, डावीकडून आईच्या कुशीत शिरली आणि तिथे जाऊन पोटभर रडली. हेमलताने पदराने गुडघ्याचं रक्त पुसलं.

अप्पासाहेबांनी दाराशी ठेवलेलं बोचकं उचलून आत ठेवलं. मग मला म्हणाले, "विद्याधर, तुला पत्रं लिहिता येतात रे, पण घरात काय चाललंय ते दिसत नाही." आणि तिला म्हणाले, "हेमलता, मी एकटाच जातो. पोरीची आई धडधाकट आहे." दुपारच्या गाडीने ते गेले. बोचकं मीच सोडलं.

सहा आठवडे पुरे झाले. डॉक्टर म्हणाले, "आता उचला खुशाल." त्या दिवशी घरी येताच हेमलताने पहिल्यांदा दोन्ही हात पसरले. "ये, नीलू, उचलते तुला."

नीलाने त्या हातांकडे पाहिलं. मग पाट खाटेजवळ ओढत आणला.

"थांब आई," ती म्हणाली, "मी येते."

हेमलता हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने हात खाली घेतले, खाटेवर जाऊन बसली आणि वाट पाहत राहिली.