ओडेसाचा डावा हात

वेंडल प्रुइटने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तो मागच्या बाकावर अंग चोरून बसला. पांढरे हातमोजे घातलेल्या सेविकाबाईंनी त्याच्या हातात पुठ्ठ्याचा पंखा कोंबला.

"पुढे बसा की, बाबा. देव काय चावत नाही."

"इथूनही ऐकू येतं, ताई."

देवाकडे त्याचं काम नव्हतंच. काम होतं ऑर्गनवर बसलेल्या ओडेसा टिलमनकडे. पंचावन्न वर्षं ते लांबलं होतं.

पाद्रीबाबांचं प्रवचन साध्या बोलण्याने सुरू झालं. मग शब्दांच्या शेपटांना सूर चिकटू लागले, श्वास तालावर पडू लागला आणि बघता बघता निरूपणाचं गाणं झालं. बाबांनी ओळ टाकावी, ओडेसाने ती वरच्यावर झेलून परत द्यावी. मध्येच बाबांना खोकला आला, तर तिने त्या खोकल्यालाही उत्तर दिलं. सगळं चर्च उठून उभं राहिलं. वेंडलच्या पायाने आपसूक ठेका धरला, तेव्हा त्याने दुसरा पाय त्यावर ठेवला. जुनी सवय.

बाविसाव्या वर्षी उत्तर फिलाडेल्फियात खरा जॅझ कोणता, हे वेंडल ठरवत असे. खऱ्या जॅझवर लोक नाचत नाहीत. त्यात पाय आपटायचे नसतात. आणि ऑर्गन? त्याला चर्चच्या जेवणावळीतल्या तळलेल्या कोंबडीचा वास येतो! अशाच एका रविवारी, दुपारच्या मैफलीत, वीस वर्षांची ओडेसा त्याच्या साथीला ऑर्गनवर बसली. तिचा डावा हात नुसता चालत होता, भरल्या घरातून बाई चालावी तसा. एका मोठ्या बँडचा मालक तिला दौऱ्यावर न्यायचं म्हणून मुद्दाम ऐकायला आला होता. वेंडलने सॅक्सोफोन तोंडातून काढला.

"काय बाई, दानाची थाळी फिरवायची का आता? चर्च रस्त्यापलीकडे आहे. इथे जॅझ वाजतो."

सगळे हसले. मालकही हसला. ओडेसाने गाणं पुरं केलं, ऑर्गनच्या पायपट्ट्यांसाठी घातलेले बूट बदलले आणि ती निघून गेली.

पुढे वेंडलच्या तबकड्यांना जाणकारांनी मान डोलावली. गुणगुणल्या मात्र कुणीच नाहीत. त्यांत तो चालता डावा हात नव्हता, हे उमगायला त्याला सत्तरी गाठावी लागली.

उपासना संपली. ओडेसा ऑर्गनच्या बाकावरच वाजवण्याचे पातळ तळाचे बूट काढत होती.

"अगं बाई, वेंडल! अजून आहेस होय तू?"

"वरचे घेत नाहीत."

"घेतील कसे? देवदूतांचं वाजवणं ऐकून पहिल्याच दिवशी म्हणशील, हा खरा जॅझ नव्हे!"

तो हसला. महिनाभर घोकलेलं माफीचं वाक्य त्याने जुळवून घेतलं.

"ओडेसा, त्या दुपारी मी जे..."

"थांब, आधी माझं ऐक. तेव्हा आठवडाभर रडले मी. मग म्हटलं, पोरगा उद्धट आहे, पण कान खरा आहे त्याचा. नंतर दोनदा बँडवाल्यांची बोलावणी आली, गेले नाही. जे आपलं नाही, त्याच्यामागे कशाला धावायचं?" तिने डावा हात ऑर्गनच्या झाकणावर ठेवला. बोटं मुळांसारखी वाकली होती. "कधी कधी कपबशा विसळताना हा आपला आपणच चालू लागतो बघ. मग मी दटावते, गप रे, वेंडलने सांगितलंय ना!"

ती खळखळून हसली. मग तिचा आवाज खाली आला.

"डॉक्टर म्हणतात, या वर्षापुरतीच आहेत ही बोटं. म्हणून विचारते. बरोबरच बोलला होतास ना रे? उगीच नाही ना सोडलं मी?"

सेविकाबाई बाकांवरचे पंखे गोळा करत होत्या. सॅक्सोफोन लावण्याआधी ओलवावेत तसे वेंडलने ओठ ओलवले. त्या हाताकडे त्याने एकदा पाहिलं.

"बरोबरच बोललो होतो," तो म्हणाला. "चर्चचाच हात तो. जॅझचा नव्हता."

ओडेसाने डोळे मिटून मान डोलावली. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं, तसे तिचे खांदे सैल झाले.

"बघ," ती म्हणाली, "म्हटलं नव्हतं? तुझा कान पहिल्यापासूनच खरा."

वेंडलने टोपी घातली. मग आपण अजून चर्चमध्येच आहोत हे ध्यानात येऊन ती पुन्हा काढली.