सारजाची अट

माझ्या बायकोनं, सारजानं, मला बारामतीला कपाट आणायला धाडलं होतं. कालव्यावरचा एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत चालला होता आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. मी कपाट बघितलं, ते मला आवडलं, आणि मी घरी मोटार घेऊन आलो.

मोटार तांबडी होती, दोनच माणसांची, बुटकी. साहेब तिच्यातून शर्यती खेळायचा म्हणे. इंदापुरात माझी पिठाची गिरणी आहे. तिचं तेलावरचं इंजिन मी स्वतः खोलतो, म्हणून मला वाटलं, मोटार म्हणजे तरी काय, चाकं लावलेली गिरणी. सारजानं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्याला कप्पे किती हायत?" तिनं विचारलं.

तिला मी मोटारीत एकदाच बसवलं. खालच्या, धक्के झेलायच्या कमानी गंजून दगड झाल्या होत्या. वेशीबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात तिचा अंबाडा सुटला, दुसऱ्यात तिनं माझा दंड धरला आणि तिसऱ्याच्या आधी ती उतरून चालू लागली. मी मोटारीतून घरी पोचलो तेव्हा तिच्या भाकरी थापून होत आल्या होत्या.

"भरला तांब्या मांडीवर घिऊन पळसदेवला जाता आलं आन् थेंब न्हाय सांडला, तर बसंन," ती म्हणाली. "तवर तिच्यात गोधड्या ठिवते."

पळसदेवच्या महादेवाला ती दर शिवरात्रीला आमच्या आडाचं पाणी न्यायची, बैलगाडीनं. आणि गोठ्यात उभ्या केलेल्या मोटारीत तिनं खरंच गोधड्या ठेवल्या. कपाट नाही म्हणून कुणी विचारलं की ती गोठ्याकडे बोट दाखवायची.

यंदा कमानी करून घेतो, असं मी दर साली म्हणायचो. दर साली गिरणीचं काही ना काही निघायचं. छत्तीस सालच्या आषाढात सारजा तापानं गेली.

दिवाळी झाल्यावर मी गोधड्या बाहेर काढल्या आणि मोटार खोलायला घेतली. दुपारनंतर गिरणी बंद ठेवू लागलो. गावात बोलणं सुरू झालं की रामहरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नव्हतं. येत्या शिवरात्रीला तिचा तांब्या मोटारीतून पळसदेवला न्यायचा होता, एवढंच. ती गेली म्हणून तिची अटही गेली, असं मला वाटत नव्हतं.

मदतीला शेजारचा सोनबा आला. सोनबा गाडीवान. इंदापूर-बारामती रस्त्यावर त्याची निम्मी हयात गेली. तो मोटारीखाली शिरला आणि लगेच बाहेर आला.

"तात्या, हिला बैल जुपायला जागाच न्हाय."

"ती इंजिनावर चालते, सोनबा."

"ते ठावं हाय. पर इंजान बंद पडल्यावर?"

मी त्याच्या हातात पाना दिला.

कमानी काढल्या. एकीवर एक रचलेले पोलादी पाटे गंजानं असे एक झाले होते की घण घालून सोडवावे लागले. ते सोनबाच्या गाडीत घालून आम्ही बारामतीला बादशाहभाईकडे नेले. स्टेशनाजवळ त्याचं टांगे दुरुस्तीचं दुकान होतं. कमान तापवून तिला बाक द्यावा तर बादशाहभाईनंच.

"सवाऱ्या किती बसत्यात?" त्यानं विचारलं.

"दोन."

"टांग्यावाले बी चारच सांगत्यात. मग रस्त्यात पाव्हणे भेटत्यात."

"बादशाहभाई, तिसऱ्याला बसायला जागाच नाही."

"बरं," तो म्हणाला, "सहा धरतो."

त्यानं सहा माणसांचा बाक दिला. परत आणून कमानी बसवल्या, तेव्हा मोटार शेळी झाडपाल्याला उठते तशी उंच उभी राहिली.

कमानी बसवताना सोनबाला आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक चाकाजवळ दोन लोखंडी हात होते आणि त्यांच्या जोडावर लाकडी चकत्या घट्ट आवळलेल्या. चाक वरखाली झालं की चकत्या एकमेकींवर घासायच्या. त्यांना तेलाचा थेंब नव्हता.

"आरारारा," सोनबा म्हणाला. "ठणठणीत कोरडं! येवढा शिकलेला साहेब, आन् वंगाण घालाया इसरला."

गाडीवानाला कोरडा जोड बघवत नाही. चाक करकरत गेलं तर रस्त्यावरचा दुसरा गाडीवान त्याच्या सात पिढ्या काढतो. सोनबानं आपल्या गाडीला टांगलेलं वंगणाचं नळकांडं आणलं, मी चकत्या सुट्या केल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून चारही चाकांच्या चकत्यांना एरंडेलात कालवलेलं काळं वंगण पोटभर पाजलं. हात आता लोण्यासारखे फिरू लागले. आम्ही खूश झालो.

मग सोनबाला बसवून बाहेर काढली. वेशीबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात मोटार खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. खड्डा मागं राहिला, सपाट रस्ता लागला, तरी ती नाचतच होती. सोनबाचं पागोटं उडून बाभळीवर बसलं.

"थांबवा, तात्या!"

"थांबवलीय!" मी म्हणालो. खरंच थांबवली होती. ती उभ्या जागी उडत होती.

त्या रात्री मी जेवलो नाही. शिवरात्र तोंडावर आली होती. सारजा असती तर चुलीपुढून म्हणाली असती, "गोधड्या घालू का परत?"

बादशाहभाईला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं, "नवी कमान नव्या वहाणेवाणी असती. दाबल्याबिगर बसत न्हाय. वजन ठिवा."

वजन शेळगावहून आलं. तिथं माझ्या सासूबाईंचा, फुलाबाईंचा, ऊस होता आणि गुऱ्हाळ चालू होतं. उकळत्या रसाची एक काहील बिघडली होती. गूळ नीट आळला नव्हता, ढेपा मऊ राहिल्या होत्या, बाजारात कुणी घेणार नव्हतं. सासूबाईंनी गाडीभर ढेपा पाठवल्या आणि सांगावा धाडला की शिवरात्रीला मी बी येते, तांब्या मीच धरणार.

ढेपा आम्ही मोटारीत बसायच्या जागी आणि चाकांवरच्या पत्र्यांवर रचल्या. सोनबा म्हणाला, आता हिला उन्हात काढा. गाडीचं चाक वंगण घालून उन्हात ठेवलं की तेल मुरतं, हा त्यांच्यातला रिवाज. मोटार अंगणात ओढली, वर ताडपत्री टाकली आणि मी गिरणीत गेलो. माघातलं ऊन चढत होतं. ढेपा मऊ आहेत आणि ऊन कडक आहे, ह्या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, पण एकत्र सुचल्या नाहीत.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. त्यांच्यादेखत ताडपत्री ओढली. ती निघेना. सोनबा आणि मी लोंबकळलो तेव्हा निघाली.

ढेपा निम्म्या झाल्या होत्या. बाकीचा गूळ तळाच्या फळ्यांच्या फटींतून आणि पत्र्यांवरून खाली गेला होता. कमानीच्या पाट्यापाट्यांत गूळ, चकत्यांत गूळ, चाकांच्या आऱ्यांना गुळाच्या दाढ्या. अर्ध्या इंदापुरातल्या मुंग्या जमल्या होत्या.

मामींनी मोटारीभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "चपात्या करून आनू का?"

मी ओट्यावर बसलो. धुवायला वेळ नव्हता. खोलून पुसायची तर आठवडा गेला असता. मी म्हणालो, "मामी, बैलगाडीनंच जाऊ. तिचंच खरं झालं."

"तिचं कधी खोटं झालंय?" मामी म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पर बघू तरी. न्हायतर ती म्हनंल, बसून न बघताच हरले."

सकाळी मामींनी आडाचं पाणी शेंदलं आणि सारजाचा तांब्या काठोकाठ भरला.

"मामी, दोन बोटं कमी भरा."

"का? सारजा द्येवाला कमी न्यायची का?"

राहिलेल्या ढेपा मी उतरवल्या आणि मामी आत अंथरलेल्या सारजाच्या गोधडीवर बसल्या. "गोधडी चिकटतीया," त्या म्हणाल्या.

"चिकटू द्या. म्हणजे तुम्ही उडणार नाही."

वेशीबाहेरचा पहिला खड्डा आला. मी वेग उतरवला. मोटार खाली गेली, तिथं जरा थांबली, आणि डोहातून म्हैस उठते तशी सावकाश वर आली. पुन्हा खाली गेली नाही. तांब्यातलं पाणी काठाला लागलं आणि परत फिरलं.

पुढं कितीतरी दिवसांनी एका बसवाल्यानं मला सांगितलं की त्या चकत्या कोरड्याच असाव्या लागतात. त्या घासतात म्हणून मोटारीची उडी आवरते. आम्ही वंगण घालून ती उडी मोकळी सोडली होती आणि गुळानं तिला पुन्हा धरून ठेवलं होतं. त्या दिवशी मला ह्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त तांब्याकडे बघत होतो.

"म्होरं बघा," मामी म्हणाल्या. "तांब्याकडं बघाया मी हाय."

पळसदेवच्या वेशीत देवाला सोडलेला एक पोळ रस्ता अडवून उभा होता. वास लागल्याबरोबर तो आला आणि चाकावरचा पत्रा चाटू लागला. मोटार हलू लागली.

"हाड! हाड मेल्या!" मामींनी तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरला. "जावईबापू, त्याला हाकला की! येवढं आनून बैलापायी सांडू व्हय?"

मी खाली उतरून हाकललं, तो हलेना. पायाखालच्या फळीवरचा गूळ खरवडून मी मोठा गोळा केला आणि बांधावर फेकला. पोळ तिकडं गेला. मी मामींकडे बघितलं. त्यांनी तांब्या पुढं केला. तो काठोकाठ होता, आणि त्यांच्या लुगड्यावर गुळाशिवाय काही नव्हतं.

मंदिरात मामींनी तांब्या माझ्या हातात दिला. "तुमी घाला. अट तुमाला व्हती."

मी पिंडीवर पाणी घातलं. देवाला काही मागितलं नाही. सारजाला मात्र मनात म्हणालो, थेंबसुद्धा नाही सांडला. आणि उत्तराची वाट बघत तिथं उगाच उभा राहिलो. मागं रांग लागली होती. शेवटी मामींनी मला कोपरानं ढोसलं.

परतताना मी तशीच हळू चालवत होतो.

"तांब्या रिकामा हाय," मामी म्हणाल्या. "आता कशापायी गोगलगाय केलीया?"

मी मोटार सोडली. साहेब शर्यतीत सोडायचा तशी नसेल, पण आमच्या रस्त्याला ती पुष्कळ होती. मामींचा पदर उडाला. वाटेतल्या गाड्यांचे बैल माना वळवून आमच्याकडे, म्हणजे गुळाकडे, बघत राहिले. आणि मामी हसायला लागल्या. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून. सारजा असंच हसायची. मला वेग कमी करावा लागला, कारण रस्ता नीट दिसेना.

मामींनी रिकामा तांब्या पदरानं पुसला आणि पुन्हा मांडीवर नीट उभा ठेवला.

"पाऊस आला की हा सगळा गूळ धुऊन जाईल," मी थोड्या वेळानं म्हणालो.

"जाऊंद्या," मामी म्हणाल्या. "पुढल्या साली येक काहील मुद्दाम बिघडवीन."