धाकट्याच्या कानात

सकाळी साडेदहाला, गाण्याच्या रेकॉर्डिंगचा चौथा टेक अर्ध्यावर असताना, वडिलांच्या हेडफोनची डावी बाजू बंद पडली. त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं आणि काचेकडे बघून कानावर बोट आपटलं.

काचेपलीकडे मिक्सरवर त्यांची थोरली मुलगी होती. वडिलांच्या केबिनबाहेरच्या खोलीत गाणारा धाकटा मुलगा म्हणाला, "चला, बाबांच्या कृपेने पाणी तरी पिऊन येतो," आणि हेडफोन स्टँडवर अडकवून गेला.

"दुसरा आणते, बाबा."

"थांब गं. त्याच्याकडे दोन्ही बाजू वाजतात का बघतो. गडबड माझ्याकडे की तुझ्याकडे, ते कळेल." वडील केबिनमधून निघाले.

थोरलीचा हात मिक्सरच्या नॉबकडे गेला.

प्रत्येकाच्या कानात काय जायचं ते ती ठरवायची. वडिलांना धाकट्याचा आवाज मोठा आणि स्वतःचं व्हायोलिन मागे, वर भरपूर एको, म्हणजे उतरलेला सूर त्यांना जाणवू नये. धाकट्याला गिटार, ठेका, स्वतःचा आवाज. व्हायोलिन शून्य. कालच त्याने बजावलं होतं, "ताई, बाबांचा वरचा सूर उतरतोय. त्यांच्यामागे मीही घसरतो. त्यांना माझ्या कानातून काढ. आणि सांगू नकोस."

हाताच्या ऑपरेशननंतर वडिलांनी व्हायोलिनची पेटी उघडली होती ती या एका गाण्यासाठी. तिसऱ्या टेकनंतर म्हणालेही होते, "बघितलंस? कसा माझ्याकडे कान देऊन गातोय!" खरं कळलं तर पेटी परत उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वडिलांनी धाकट्याचा हेडफोन चढवला. "मघाचंच लाव."

तिने एका हाताने टेक सुरू केला, दुसऱ्या हाताने व्हायोलिनचा नॉब शून्यावरून मध्यावर आणला. वडिलांनी मान डोलावली. तिने श्वास सोडला.

मग वरचा सूर आला. एकोचं तिला सुचलंच नव्हतं. व्हायोलिन कोरडं, उघडं वाजलं आणि सूर खाली पडला. तो सावरायला वडिलांच्या डाव्या हाताचं बोट आपोआप हवेत वर सरकलं.

"तेवढीच ओळ परत."

तिने लावली.

"बाबा, मशीनमध्ये जरा..."

"मशीनवर ढकलू नकोस. सकाळपासून त्याच्या कानात मी असा वाजतोय?"

हो म्हणावं, तर पोरगा सकाळपासून हे निमूट सोसत होता असं व्हायचं. नाही म्हणावं, तर वडील त्याच्या कानात नव्हतेच, हे उघड व्हायचं. तिने बोलायचं बटण दाबलं, आणि सोडलं.

दार उघडून धाकटा आला. वडिलांनी हेडफोन त्याच्या हातात दिला. "दोन्ही बाजू ठीक आहेत," एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

"बाबा, तुमचा बदलते ना."

"राहू दे. एका कानाने भागेल. त्याच्याकडचं काही हलवू नकोस. मलाही तसंच दे, कोरडं."

तिने एको काढला. व्हायोलिन पुन्हा शून्यावर न्यायला दुसरा हात धाकट्याच्या नॉबवर होता. वडील काचेतून त्या हाताकडेच बघत होते. तिने हात मांडीवर घेतला.

लाल दिवा लागला. वडिलांनी वरचा सूर एकदा हळूच लावून पाहिला. धाकटा दचकला, हेडफोन दाबून धरत काचेकडे वळला.

"ताई, बाबा माझ्या कानात कसे आले?"

त्याचा माइक चालू होता. वडिलांच्या हेडफोनची फक्त डावी बाजू गेली होती, उजवी वाजत होती. केबिनमध्ये व्हायोलिनचा गज तारेवर टेकलेला होता. अजून हलला नव्हता.