हँडब्रेकचा लाल दिवा

अमरावतीत वामनरावांच्या गॅरेजमध्ये सूर्यभान मोटारींचं वायरिंग करायचा. वामनरावांचे स्वतःचे तीन ट्रक होते. ड्रायव्हर हँडब्रेक न सोडताच गाडी दामटत, ब्रेकचे लायनर घासून जळत आणि वामनराव दिवसभर ओरडत. एकसष्ट सालच्या हिवाळ्यात सूर्यभानने त्यावर उपाय काढला. हँडब्रेकच्या दांड्याखाली त्याने एक बटण बसवलं, बॅटरीची वायर त्यातून नेली आणि ड्रायव्हरच्या समोर लहानसा लाल दिवा लावला. दांडा ओढला की दिवा लागायचा, सोडला की विझायचा.

पहिला दिवा धर्मपालच्या ट्रकवर लागला. धर्मपाल आणि सूर्यभान लहानपणापासूनचे सोबती. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेले तेही आगगाडीच्या एकाच डब्यातून.

वायर ओवायला सूर्यभान गाडीखाली उताणा झोपला होता, तेव्हा त्याला हँडब्रेकची तार दिसली. तिचे दोन-तीन पदर तुटून बाहेर आले होते. बदलायला सांगू, असं त्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात वर दिवा लागला. धर्मपाल ओरडला, "अबे, लागला, लागला!" सगळं गॅरेज जमा झालं. वामनरावांनी पाठीवर थाप मारली. तारेचं सांगायचं राहून गेलं.

धर्मपालचा गुडघा दुखायचा. तरी उतारावर गाडी थांबवली की तो खाली उतरून चाकामागे गोटा लावायचाच. आता ते त्याने सोडलं.

"गोटा कायले? दिवा सांगते ना आता," तो म्हणायचा. सूर्यभानला ते ऐकून बरं वाटायचं.

महिन्याभराने मोर्शीजवळच्या एका बागेत धर्मपालचा ट्रक संत्र्यांच्या पेट्या भरायला चढावर उभा होता. दुपारी पेट्या भरणाऱ्या बायका जेवायला बसल्या. त्यांच्यातल्या पार्बताबाईची एकुलती मुलगी जमुना ट्रकमागच्या सावलीत भाकरीचं फडकं सोडत होती. गाडी जवळजवळ भरली होती. तार तुटली आणि ट्रक मागे गेला. धर्मपाल विहिरीवर पाणी पीत होता.

वामनरावांबरोबर सूर्यभान तिथे पोचला, तेव्हा जमुनाचं प्रेत नेलं होतं. तो ट्रकमध्ये चढला. दांडा वर होता आणि लाल दिवा लागलेला होता. दिव्याला दांडा तेवढा कळत होता. खाली तार तुटली हे त्याला कळायची सोयच सूर्यभानने केली नव्हती.

धर्मपाल बांधावर बसून होता. "मी दिवा पाह्यला होता रे," तो एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सूर्यभान फौजदाराकडे गेला. "साहेब, तार तुटत आली हे मले ठाव होतं. मी कोनालेच सांगतलं नाई."

"तू कोण?"

"वायरमन."

"मग तुझा काय संबंध? गाडी तपासणं ड्रायव्हरचं काम." त्याने ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

सूर्यभान पार्बताबाईकडेही गेला. ती दारात बसली होती. त्याने दिव्याचं, तारेचं सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुले दिसली होती?"

"हो, माय."

"अन् तू बोलला नाई."

ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

धर्मपालला दीड वर्षाची शिक्षा झाली. वामनरावांनी नवा ड्रायव्हर ठेवला आणि सूर्यभानला सांगितलं, "बाकी दोन गाड्यांलेही दिवे लाव. लायनर वाचून राहिले." सूर्यभानने त्याच दिवशी काम सोडलं. वामनरावांनी ते दुसऱ्याकडून करून घेतलं.

सूर्यभान अकोल्याच्या तुरुंगात धर्मपालच्या भेटीला गेला. शिपाई आत जाऊन परत आला. "येत नाही म्हणते."

"सूर्यभान आला म्हनून सांगा."

"नाव सांगितलं, म्हणूनच येत नाही."

इतरांच्या भेटी संपेपर्यंत तो फाटकाजवळ उभा राहिला. पुढच्या महिन्यात तो पुन्हा गेला, तेव्हाही तेच झालं. त्यानंतर तो गेला नाही.