उलट्या वाऱ्याचा आठवडा

मी ढगांचा फोटो बोलतोय. कवितेतल्या ढगांचा नव्हे, हवामान कचेरीच्या कामाचा. खूप उंचावरून पृथ्वीच्या एकाच बाजूवर नजर लावून बसलेल्या उपग्रहाने मला काढलं. तेही एका झटक्यात नाही, वरून खाली, एकेक पट्टा करत. त्यामुळे माझं डोकं माझ्या पायांपेक्षा वयाने थोडं मोठं आहे.

माझ्यात अर्धी पृथ्वी मावते. समुद्र काळा, ढग पांढरे, आणि उजव्या कडेला अंधाराची कोर, कारण मी संध्याकाळचा आहे. तिकडे पूर्वेला रात्र पडायला लागली होती. दिवसभर दर अर्ध्या तासाला आमच्यात एका भावंडाची भर पडत असे.

एकट्या फोटोचं फारसं काही चालत नाही. माझ्यात ढग कुठे आहेत ते दिसतं, कुठे निघालेत ते दिसत नाही. त्यासाठी माझ्या पाठचा भाऊ शेजारी ठेवावा लागतो. तोच ढग त्याच्यात जरासा सरकलेला असतो आणि त्या सरकण्यावरून वारा कळतो.

कागदावर उतरल्यावर मी ज्यांच्या हाती गेलो, त्यांना कचेरीत सगळे मागून ‘इस्त्री’ म्हणत. त्यांचा शर्टही तसा आणि कामही तसंच. रोजचे फोटो लांबलचक भिंतीवर ओळीने लावणं हे त्यांचं काम. आमच्या प्रत्येकाच्या तळाशी पांढरी पट्टी होती, तिच्यावर तारीख आणि वेळ. या पट्ट्यांमुळे भिंत गबाळी दिसते असं इस्त्रींचं मत. म्हणून ते पट्टी कापून टाकत आणि आम्हाला कडेला कड भिडवून बसवत. येणारे-जाणारे साहेब थांबून “वा, काय देखणं काम!” म्हणत. क्रम भिंतीवर दिसतोच आहे, वेळ कशाला हवी, असा सगळ्यांचाच हिशोब. मला मात्र पट्टी गेली तेव्हा वाईट वाटलं. तेवढीच माझी ओळख होती.

आठवडा संपला की आम्ही भिंतीवरून पाकिटात जायचो. पहिला फोटो आधी निघतो आणि ढिगाच्या तळाशी जातो, म्हणून इस्त्री शेवटी सगळा ढीग पुन्हा क्रमाने लावत. आमच्या आठवड्यात तेवढं राहून गेलं. का, ते मला ठाऊक नाही. पाकीट बंद झालं आणि आम्ही उलट्या क्रमाने कित्येक वर्षं पडून राहिलो.

इस्त्री निवृत्त झाले. पुढे त्यांची मुलगी शिकूनसवरून त्याच कचेरीत लागली, पण तात्पुरती. उपग्रहाची मूळ माहिती ज्या फितींवर होती त्या बुरशीने गेल्या होत्या, म्हणून तिने आम्हाला बाहेर काढलं, झटकलं आणि एकेकाला स्कॅन केलं. तिचा प्रोग्रॅम माझ्यातला एक छोटा चौकोन उचलायचा, तसाच चौकोन पुढच्या फोटोत शोधायचा आणि दोन जागांच्या मध्ये बाण काढायचा. असे हजारो बाण जमले की पृथ्वीभोवती फिरणारे वाऱ्याचे मोठे प्रवाह दिसू लागत. कडेच्या अंधारात प्रोग्रॅम गोंधळायचा, म्हणून तिने आमच्या कडा मोजणीतून वगळल्या होत्या.

बाकी सगळ्या आठवड्यांत उत्तरेचा मोठा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जात होता. आमच्या आठवड्यात तो उलटा निघाला. तिने प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला, त्यात चूक सापडेना. मग तिने लेख लिहिला आणि तो छापूनही आला.

“अगं, वारा असं तोंड फिरवतो हे कुणी पाहिलंय का आजवर?” तिचे वरिष्ठ, ज्यांना ती सर म्हणे, खुशीत येऊन म्हणाले. “परिषदेत तूच बोल. कायमची जागा तुझीच झाली समज.”

ती जागा तिला मनापासून हवी होती. दरवर्षी मुदत वाढवून मागायचा तिला वीट आला होता.

“आणि बाण दाखवू नकोस, लोक जांभया देतात. ढग चालताना दाखव,” सरांनी सुचवलं.

म्हणून तिने आम्हाला कडांसकट एकामागून एक लावून छोटीशी फिल्म केली. ती सुरू झाली तशी मुलगी खुर्चीत पुढे सरकली. पुन्हा पाहिली. मग सरांना हाक मारली.

“सर, आपल्या आठवड्यात सूर्य पश्चिमेला उगवतोय.”

पडद्यावर रात्र मागे मागे जात पूर्वेच्या कडेने बाहेर पडत होती. वारा त्या आठवड्यातही नेहमीसारखाच वाहिला होता, उलटे आम्ही लागलो होतो.

सरांनी फिल्म थांबवली. “मधलाच भाग दाखव ना. कडा कशाला हव्यात?”

“कडेलाच तर कळतंय, सर.”

“मग दुरुस्ती पाठवावी लागेल. आणि जागेचं… मला काही बोलता येणार नाही बघ.”

“माहितेय.”

त्या संध्याकाळी ती मला आणि माझ्या पाठच्या भावाला फाइलमध्ये घालून घरी घेऊन गेली. वडील जेवणाच्या टेबलाशी चष्मा पुसत बसले होते. तिने आम्हाला त्यांच्यासमोर ठेवलं.

“बाबा, या पट्ट्या कुणी कापल्या?”

“मीच. दुसरं कोण इतकं सरळ कापणार?” त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. “बघ, केसभर इकडचं तिकडे नाही.”

तिने सगळं सांगितलं. त्यांचं बोट माझ्यावरून उचललं गेलं. मग तिने दुरुस्तीचा मजकूर वाचून दाखवला. फोटोंवरची वेळ कापली गेल्याने क्रम चुकला, ती कुणी कापली ते कळू शकलं नाही, असं त्यात होतं.

“हे खोटं आहे,” ते म्हणाले.

“असू द्या हो बाबा. कुणाला काय करायचंय?”

“खरं सांगण्यापायी तू जागेवर पाणी सोडलंस, आणि माझ्यासाठी खोटं लिहिणार? लिही. भिंत छान दिसावी म्हणून माझ्या बाबांनी कापली.”

तिला रडू आवरेना. ते मात्र आमच्या दोघांच्या कडा जुळवत राहिले, सवयीने.

दुरुस्ती त्यांच्या नावासकट छापून आली. जागा दुसऱ्याला मिळाली, तिची मुदत तेवढी वाढली. मी आता कचेरीतल्या सपाट खणात, माझ्या भावाच्या आधी, माझ्या योग्य जागी आहे. अंधाराच्या कोरीवरून हिशोब करून तिने माझी वेळ शोधली आणि पाठीवर पेन्सिलीने लिहिली. तुमच्याकडे कुणाचे जुने फोटो असतील तर त्यांच्या कडा राहू द्या, एवढंच मागणं.

जाता जाता एकच सांगतो. एका रविवारी तिने वडिलांना संगणकासमोर बसवून आमचा आठवडा नीट क्रमाने लावला. ढग उत्तरेच्या वाटेने पूर्वेकडे निघाले. संध्याकाळ झाली तशी उजव्या कडेने रात्र आत आली आणि हळूहळू सगळं झाकत गेली. इस्त्रींनी इतकी वर्षं आम्हाला कापलं, लावलं, उतरवलं, पण आम्हाला चालताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. फिल्म संपली तरी ते काळ्या पडद्याकडे बघत होते.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले.